चष्म्याची घडी

अमेरिकेत माणसाचा तेरावासुद्धा वीकेंडला येतो. नागपुरात शशिकांतरावांचा तेरावा बुधवारीच झाला होता, रीतसर. पण बेलव्ह्यूत बुधवारी सगळ्यांच्या मीटिंगा. म्हणून स्वानंदीने वडिलांच्या नावाने चार ओळखीची माणसं जेवायला बोलावली ती शनिवारी संध्याकाळी. फुलं आणि फ्रेम आणायला नवरा, निमिष, दुपारी बाहेर पडला होता. फ्रेममध्ये घालायला बाबांचा एक बरा फोटो निवडायचा, एवढंच काम तिच्याकडे उरलं होतं.

बसली होती सोफ्यावर, पण हात हलत नव्हता. दुःखाने माणूस कसा जड होतो ते तिला या दोन आठवड्यांत कळलं होतं.

काय झालं होतं, ते ऐका. बाबांना हार्ट अटॅक आला तेव्हा स्वानंदीचा पासपोर्ट रिन्यूअलला गेलेला. ती अडकली. निमिष मात्र ऑफिसच्या कामाने शांघायला होता. काम संपलं होतं आणि एक दिवस जवळचं हांगचौ शहर बघून तो परतणार होता. शांघायहून निघाला असता तर रात्रीपर्यंत नागपुरात पोचला असता. स्वानंदीने बाबांना फोनवर सांगूनही टाकलं, "बाबा, निमिष जवळच आहे. येतोय तो." आणि मग तिने निमिषला मेसेज टाकला, फोन लावला. एकदा, दोनदा, तेवीस वेळा. त्याने दिवसभर उचलला नाही. पहाटे बाबा गेले.

"चष्मा काढू दिला नाही बघ नर्सला," आई, रत्नाताई, फोनवर रडत सांगत होती. "म्हणाले, जावई येतोय, दिसायला नको का मला? दाराकडे बघत होते गं शेवटपर्यंत." मग नाक ओढून म्हणाली, "आणि तो चष्माच सापडत नाहीये. हॉस्पिटलने घड्याळ दिलं, अंगठी दिली. चष्मा कुठे गेला काय माहीत बाप्पा."

निमिष म्हणाला होता, "अगं, चीनमध्ये व्हॉट्सॲप चालतच नाही. रोमिंगही धड नव्हतं. मला कळलंच नाही गं." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. तिने विश्वास ठेवला. नवऱ्यावर नाही ठेवायचा तर कोणावर!

तेवढ्यात बेल वाजली. शेजारची दीपा भाताचं पातेलं घेऊन आली होती. ओट्यावर पातेलं ठेवता ठेवता सहज म्हणाली, "निमिष कुठे गेलेला म्हणालीस, हांगचौ? मस्त आहे ना यार? आम्ही मागच्या वर्षी गेलो तेव्हा तळ्यातल्या बोटीतून मी आईला व्हिडिओ कॉल केलेला."

"तिथे व्हॉट्सॲप चालत नाही ना?"

"तिकडच्या सिमवर नाही चालत. आपल्या इथल्या सिमवर रोमिंग केलं की सगळं चालतं. का गं?"

"काही नाही," स्वानंदी म्हणाली. दीपा गेली, दार लागलं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटारडा! माझा बाप दाराकडे बघत मेला आणि हा...

पण बाबांचा फोटो तर निवडायलाच हवा होता. तिने टीव्हीवर फोटोंचं ॲप लावलं. दोघांचे फोटो एकाच ठिकाणी जमा व्हायचे. निमिषचा कॅमेराही आपसूक तिथेच पाठवायचा. ते ॲप चेहरे ओळखतं आणि एकेका माणसाचे सगळे फोटो एका कप्प्यात घालतं. तिने 'बाबा' या कप्प्यावर टिचकी मारली. सगळ्यात नवा फोटो सगळ्यात वर असतो. तो दिवाळीचा असायला हवा होता, नागपूरच्या अंगणातला.

वर तळं होतं.

धुकट पाणी, काठाला झुकलेली हिरवीगार झाडं, लाकडी बोटीत हसणारा निमिष. खाली लिहिलेलं, हांगचौ, आणि तेवीस फोन लावले त्याच दिवसाची तारीख. सकाळचे नऊ वाजून बारा मिनिटं. यात बाबा कुठून आले? चुकलं असेल ॲपचं. तिने चेहऱ्याभोवतीची चौकट दाखवायला सांगितली. चौकट निमिषच्या तोंडावर नव्हती. ती लांब मागे, दगडी पुलावर, एका माणसाभोवती होती. तिने फोटो मोठा केला. बाबांचाच मरून रंगाचा हाफ स्वेटर. चष्मा. दाराकडे बघावं तसा तो माणूस एकटक बोटीकडे बघत होता.

घरात कुठेतरी फ्रीज घुरघुरत होता, तेवढाच आवाज. आणि एक वास यायला लागला, ओला, शेवाळलेला, साचलेल्या पाण्याचा. किचनचा नळ बंद होता. तिने उठून पाहिलं.

दुसरा फोटो, साडेअकरा. टेकडीवरचा मनोरा, पायऱ्यांवर पर्यटकांची ही गर्दी. बाबा निमिषच्या मागे तिसऱ्या रांगेत. तिसरा, पाऊण वाजताचा, कमळाच्या काकड्यांत भात भरून केलेलं काहीतरी गोड निमिष काट्याने उचलतोय. बाबा खिडकीच्या काचेबाहेर, अगदी काचेला लागून.

"बाबा..." ती कुजबुजली.

चौथा फोटो चहाच्या मळ्यातल्या हॉटेलातला होता. दुपारचे तीन. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून स्वतःचे फोटो काढायची हौस होती निमिषला. टेबलावर चहाचा ग्लास, बाजूला त्याचा फोन, स्क्रीन पेटलेली. तिने मोठं केलं. नाव स्वच्छ वाचता येत होतं. स्वानंदी. आणि निमिष त्या नावाकडेच बघत होता, हात मांडीवर ठेवून.

शेजारच्या खुर्चीत बाबा बसले होते. डोळे उघडे, चष्मा हातात.

बाबा कधी ओरडायचे नाहीत. फार चिडले की आधी चष्मा काढायचे, सावकाश घडी घालायचे आणि बाजूला ठेवून द्यायचे. मग समोरच्याला एकेक प्रश्न विचारायचे. घडी पडली की घरात कोणी श्वास घ्यायचं नाही.

पाचव्या फोटोत खुर्ची रिकामी होती. मागे टेबलावर निमिषची कॅमेऱ्याची बॅग होती, तिचं झाकण उघडं. चौकट त्या बॅगेभोवती होती.

गराजचं दार घरघरत वर गेलं. निमिष फुलांची पिशवी घेऊन आत आला आणि टीव्ही बघून थबकला.

"फोन वाजत होता," स्वानंदी म्हणाली. "नाव दिसतंय माझं."

"स्वानू, ऐक..."

"ऐकतेय. बोल."

तो खुर्चीत बसला. पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाला, "तुझा मेसेज वाचला होता मी. चार वर्षांत एक दिवस गं... एकट्याचा. उचलला असता तर तू निघ म्हणाली असतीस आणि मला नाही म्हणता आलं नसतं. वाटलं, संध्याकाळी बघू. इतक्यात काही होणार नाही."

"ते तुझी वाट बघत होते! मी शब्द दिला होता त्यांना!" तिचा आवाज चिरकला. "चहा पीत बसलास तू? लाज नाही वाटली? आणि शेजारी कोण बसलंय ते दिसलं नाही तुला?"

"कोण शेजारी? एकटा होतो मी." तिने बोट दाखवलं तिकडे त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "हे... हे असे नव्हते फोटो. थांब, कॅमेऱ्यात ओरिजिनल आहेत, दाखवतो." त्याने धडपडत कपाटातून बॅग काढली. परत आल्यापासून ती उघडली नव्हती.

झाकण उघडताच तो शेवाळलेला वास खोलीभर झाला. कॅमेऱ्यावर चष्मा ठेवला होता. उजव्या काडीला बाबांनी स्वतः गुंडाळलेला पांढरा दोरा होता. दोन्ही काड्या नीट आत दुमडलेल्या होत्या.

"हा मी नाही ठेवला," निमिष पुटपुटला. "स्वानू, शप्पथ..."

तिला भीती वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण रागाने तिला जागाच ठेवली नव्हती. तिने चष्म्याला हात लावला नाही. गाडीची किल्ली उचलली.

"मला काय सांगतोस? त्यांना सांग."

"स्वानू, जाऊ नकोस... प्लीज..."

ती बाहेर आली आणि खोलीचं दार ओढून घेतलं. पॅसेजमध्ये चपला घालताना आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोणीतरी समोर येऊन बसावं तसा. मग निमिषचा आवाज, अगदी खालच्या पट्टीतला, शाळेतल्या मुलासारखा.

"हो, बाबा."

प्रश्न तिला ऐकू येत नव्हते.

"हो... तेवीस वेळा."

पुढचा प्रश्न लांब असावा.

"नाही, बाबा," आत निमिष रडायला लागला होता. "नाही... मी कुठेही उठून जात नाही. बसलोय इथेच."