स्वच्छ फोटोंचे तीन आठवडे

पाण्याच्या मशीनपाशी दोघांनी एकदमच हात पुढे केला. "घ्या ना तुम्ही," तो म्हणाला, आणि तेवढ्यावरच तिने आवाज ओळखला. ती तळमजल्यावर एक्स-रे काढायची, हा डॉक्टर वर बसून रिपोर्ट लिहायचा. चार महिन्यांची ओळख, पण सगळी फोनवरची.

"म्हणजे खालच्या मॅडम तुम्हीच," तो म्हणाला. डोळे लाल, खांदे पडलेले. दिवसाला दीडशे फोटो बघून माणसाचं दुसरं काय होणार?

"आणि 'फोटो खरखरीत आलाय हो' म्हणून उसासे टाकणारे तुम्ही."

"हल्ली कुठे टाकतो? तीन आठवडे कसे लख्ख येतायत."

ती हसली खरी. लख्ख येणारच... प्रत्येक वेळी ती एक्स-रेचे किरण जरा जास्त सोडत होती. एका फोटोने काही बिघडत नाही, पण पुन्हापुन्हा काढावे लागले की धोका वाढत जातो. छातीच्या दुखण्याची एक सात वर्षांची मुलगी आज पाचव्यांदा आली होती. बोलावं, तर हा माणूस तोंड फिरवणार. गप्प बसावं, तर ती मुलगी सोमवारी परत येणार.

"डॉक्टर, मी किरणांचा डोस वाढवलाय," ती म्हणाली. "तुमचा आवाज इतका दमलेला यायचा — वाटलं, डोळ्यांना तेवढाच आराम."

त्याने हातातला ग्लास मशीनवर ठेवला.

"फोटोबरोबर डोसचा आकडाही येतो," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी दिसला होता मला. पण कुणीतरी आपली काळजी करतंय... ते सोडवेना. गप्प बसलो."

"कमाल आहे तुमची. मी वेडी, तर तुम्ही माझ्या वरताण."

"मला सुंदर फोटो नकोय. आजार कळण्यापुरता पुरे. खरखरीत असला तर दोनदा बघेन."

"आकडे आत्ताच खाली आणते. पण विभागप्रमुखांना लेखी कळवावं लागेल. मी लिहिते."

"माझंही नाव घाला."

"एका कागदावर दोघांची नावं? लोक काय म्हणतील..." थकव्यातही तिला चिडवायचं सुचलं.

"खरं तेच म्हणतील. मला तुम्ही आवडता. नोकरी राहिली तर वरून फोन करून सांगेन, गेली तर घरून."

ती खाली निघाली, तोही मागोमाग आला. तिने आधी मशीन नीट लावलं, मग लिहायला बसली. तीन आठवड्यांत जास्त डोस गेलेल्या पेशंटच्या यादीत त्या मुलीचं नाव सगळ्यात वर घातलं, सही केली आणि पेन त्याच्याकडे सरकवलं. सही करताना त्याचा हात तिच्या हाताला टेकला. त्याने तो उचलला नाही, तिनेही आपला काढून घेतला नाही.