कड्यापाशी न वाजलेली तुतारी

देवाचं नाव घेऊन शपथ खायची नसते, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलंय. म्हणून शपथ खात नाही. एवढंच सांगते की हे खरं आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेलं. त्यातलं शेवटचं तर मी माझ्या कानांनी ऐकलंय.

तारीख २९ सप्टेंबर २०१९. संत मिखाएलचा सण.

वेळ दुपारी तीनची. रात्र नव्हती, अंधार नव्हता. ऑस्ट्रियातल्या टिरोलमधल्या आमच्या होर्नसे तळ्यावर लख्ख ऊन पडलं होतं. धक्क्यावर इन्सब्रुकहून एका दिवसाच्या सहलीला आलेल्यांची रांग लागली होती. सकाळी रोपवेने शिखरावर, दुपारी खाली जेवण, तीनला बोटीची फेरी, पाचला परतीची बस. आमच्याकडचा हा क्रम वर्षानुवर्षं ठरलेला.

त्या रांगेत नोटबुर्गामावशी उभी होती. हातात बागेतली जांभळी फुलं.

ती सहलीला आली नव्हती. बरोबर एकतीस वर्षांपूर्वी, याच सणाच्या दिवशी, तिचा धाकटा भाऊ कासियान, म्हणजे माझा मामा, डोंगरावर गेला आणि परत आला नाही. दरवर्षी ती तीनच्या बोटीने जायची आणि कड्याखालच्या पाण्यात फुलं सोडायची.

एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी कासियानसोबत गेबहार्ट होता. गेबहार्ट तेव्हा तळ्यावरची एकुलती एक बोट चालवायचा. मावशीला त्याने मागणी घातली होती. सकाळी रोपवेच्या दारात कासियानने सगळ्यांदेखत त्याची टर उडवली.

"माझ्या बहिणीशी लग्न? अरे, तुला बोट धड बांधता येत नाही, तू संसार काय बांधणार! मी जिवंत असेपर्यंत तरी नाही हं!"

सगळे हसले. गेबहार्टही हसला.

संध्याकाळी रोपवेच्या शेवटच्या पाळण्यातून गेबहार्ट एकटाच उतरला.

"कासियान उत्तरेच्या कुरणातून चालत उतरला. माझ्या डोळ्यांनी पाहिलं," तो म्हणाला.

बचावपथकाने उत्तरेची बाजू पाच दिवस पिंजून काढली. सहाव्या दिवशी बर्फ पडला आणि शोध थांबला.

मे महिन्यात बर्फ वितळल्यावर कासियान सापडला. उत्तरेला नाही... दक्षिणेला. तळ्यावर झुकलेल्या उभ्या कड्याच्या मध्यावर, एका खोबणीत. पाय मोडलेला. गेबहार्ट ढसाढसा रडला. म्हणाला, "वाटेत विचार बदलला असेल त्याने. वेडा कुठला!"

डॉक्टर मावशीला म्हणाले, "पडताक्षणी गेला असणार, बाई. त्रास झाला नाही त्याला."

हे एक वाक्य मावशीने तीस वर्षं उराशी धरलं होतं. रोज रात्री जपमाळ झाली की ती म्हणायची, "देवा, त्याला त्रास झाला नाही, तुझे उपकार."

आता कड्याचं सांगते.

आमचा कडा आवाज परत देतो. बोट त्याच्यापुढे थांबवायची, सगळ्यांनी गप्प बसायचं, बोटवाल्याने पितळी तुतारी फुंकायची. कडा ते सूर दोनदा परत द्यायचा. लोक लांबून त्यासाठी यायचे. पण कासियान हरवला, त्या दिवसापासून गेबहार्टने कड्यापुढे तुतारी फुंकणं सोडलं. बर्फ पडेपर्यंत बोटही पल्याडच्या काठाने नेत राहिला.

"घरचं माणूस हरवलंय. लोकांच्या करमणुकीसाठी तुतारी कशी फुंकू?"

ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

याच गोष्टीवर मावशीचा जीव जडला. दीड वर्षाने त्यांचं लग्न झालं. पुढे तळ्यावर दुसरे बोटवाले आले, त्यांनीही गेबहार्टकाकांचा मान राखला. कड्यासमोर तुतारी वाजली नाही ती नाहीच.

२०१९च्या त्या दिवशी मात्र बोटीवर सेवेरिन नावाचा नवा माणूस होता. दुसऱ्या खोऱ्यातला, दोन आठवड्यांपूर्वी आलेला. आणि मावशीचा गुडघा धरला होता.

"चल ना रे, हात धरायला तरी," ती नवऱ्याला म्हणाली.

"आयुष्य गेलं माझं त्या बोटीत. या दिवशी मी बसत नाही, ठाऊक आहे तुला."

"म्हातारा झालास तरी रुसणं गेलं नाही. माझ्यासाठी चल."

तो आला.

बोट बॅटरीवर चालणारी. आवाज नाहीच. कड्याच्या सावलीत पाणी काळं झालं. मावशीने फुलं सोडली. ती बोटीला लागूनच तरंगत राहिली... पुढे सरकेनात.

"अहो, इथे पूर्वी तुतारी वाजवायचे ना? माझे आजोबा सांगायचे!" एक प्रवासी म्हणाला.

"वाजवा की! एवढ्या लांबून काय नुसतं पाणी बघायला आलोय?" दुसऱ्या बाई म्हणाल्या.

सेवेरिन हसला. खुंटीवरची तुतारी त्याने काढली.

"नको!" गेबहार्टकाका ताडकन उभे राहिले. "इथे नाही!"

"बसा हो आजोबा. तळ्यात पडाल, मग तुमचीच फेरी निघेल!"

सगळे हसले.

तुतारी वाजली.

कड्याने सूर एकदा परत दिले.

मग दुसऱ्यांदा.

लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले...

आणि तिसऱ्यांदा आवाज आला.

तो तुतारीचा नव्हता.

माणसाचा होता.

तीन चढत जाणारे सूर, आणि शेवटी मोड. वाळकी काटकी मोडावी तसा.

आमच्याकडे डोंगरात प्रत्येक घराची साद वेगळी असते. या कुरणातून त्या कुरणात तिनेच बोलायचं. आणि साद ऐकली की उत्तर द्यायचंच. न देणारा एक तर वैरी, नाहीतर मेलेला, असं जुनी माणसं म्हणतात. ती साद मावशीच्या माहेरची होती. माझ्या आईला ती कधी जमलीच नाही; वडील वारल्यावर ती दोघांनाच येत होती. मावशीला... आणि कासियानला.

लोकांनी टाळ्या पिटल्या. "वा! वर माणूस बसवलाय की काय!"

सेवेरिन हसत नव्हता. तो मान वर करून कडा न्याहाळत होता. तिथे कुणीही नव्हतं.

साद पुन्हा आली.

मावशीचं तोंड उत्तराला उघडलं... आणि उघडंच राहिलं.

तिच्या शेजारी गेबहार्टकाका कानांवर हात दाबून खाली वाकले होते. पुटपुटत होते. ती जवळ सरकली, तेव्हा तिला शब्द कळले.

"पाचव्या दिवशी थांबला होतास... पाचव्या दिवशी थांबला होतास ना रे..."



"गेबहार्ट," ती हळूच म्हणाली. तिने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, तेव्हाही नाही. "तो पडताक्षणी गेला होता ना?"

काकांनी कानांवरचे हात काढले नाहीत.

"तेव्हा बोट पल्याडच्या काठाने का नेत होतास?"

ते पाण्याकडे बघत होते. फुलं अजून तिथेच होती.

मग तिला सगळं उलगडलं. तुतारी वाजली असती, तर बोट थांबली असती. लोक कान देऊन गप्प बसले असते. आणि वरून कुणीतरी उत्तर दिलं असतं.

ज्या मौनावर भाळून तिने लग्न केलं, ते मौन दुःखाचं नव्हतंच.

घरी तिने सूप वाढलं. त्यांनी प्यायलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी पाव घेऊन तिच्याकडे गेले. ती खिडकीत उभी होती. तिने मला आदल्या दिवसाचं सगळं सांगितलं, ओळीने, जसं मी तुम्हाला सांगितलं तसं. सांगताना तिची नजर बाहेरच होती. मी पण बघितलं. तळ्याच्या काठाकाठाने जाणाऱ्या पायवाटेवर गेबहार्टकाका चालले होते... कड्याकडे. भिंतीवर त्यांची जुनी तुतारी असायची, तिथे नुसता खिळा होता.

ते दुपारी आले नाहीत. संध्याकाळीही नाहीत.

बचावपथकाचा प्रमुख आला. टोपी काढून त्याने विचारलं, "मावशी, काका कुठल्या बाजूला गेले?"

मावशीच्या हातात जपमाळ होती.

"उत्तरेला," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी तोंड उघडलं... आणि मिटलं.

ते लोक उत्तरेला गेले. चार दिवस गेले. मावशीला सोबत म्हणून मी तिथेच राहिले. आणि रोज दुपारी तीन वाजता, तळ्याकडची खिडकी बंद असूनही, तो आवाज यायचा.

लांबून. कड्याकडून.

कुणीतरी हाक मारत होतं.

मावशी माळ ओढत राहायची. प्रार्थनेत "जशी आम्ही आमच्या अपराध्यांना..." इथवर आली की पुढच्या "क्षमा करतो"पाशी अडखळायची. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. पुन्हा तिथेच अडायची.

ती साद कासियानची होती की गेबहार्टकाकांची? मी जिवाचा कान करून शेवटचा मोड ऐकायचा प्रयत्न केला. मला ठरवता आलं नाही. उठून दार उघडून बघावं, एवढंही माझ्याच्याने झालं नाही.

पाचव्या दिवशी आवाज थांबला.

गेबहार्टकाका सापडले नाहीत. पुढच्या मे महिन्यात गिर्यारोहक दोर लावून कड्यावर उतरले, तेव्हा खोबणीत त्यांची तुतारी मिळाली. कासियान जिथे सापडला, नेमकी तीच खोबण. खालून तिथे तरणा माणूससुद्धा चढू शकत नाही. काका तर एकाहत्तर वर्षांचे होते.

मावशी दोन हिवाळ्यांनंतर झोपेत गेली. ती प्रार्थना तिने शेवटपर्यंत कधी पूर्ण म्हटली नाही. मला कुणी काही विचारलं नाही. पाद्र्यांपाशी मी कबुली दिली आहे, त्यांनी प्रायश्चित्तही दिलं. तरी...

तेव्हापासून कुणीही हाक मारली की मी पहिल्या हाकेला ओ देते. कोण आहे, कुठून आहे, बघायलाही थांबत नाही.

काल दुपारी तीन वाजताही दिली.

घरात मी एकटीच होते.