जिन्याखालची फौज

चाळीच्या फळ्यावर दत्ताराम काकांनी खडूने लिहिलं होतं: 'आज दुपारी चार वाजता जिन्याखालच्या मधमाश्यांवर औषध मारण्यात येईल.'

नूपुरने ते दोनदा वाचलं. जिन्याखालच्या रिकाम्या मीटरपेटीत त्या मधमाश्या राहत होत्या आणि मे महिन्याची अर्धी सुट्टी तिने त्यांच्यासमोर पाट टाकून काढली होती. काल कांताकाकूंना डंख झाला आणि परळच्या त्या अख्ख्या चाळीने मधमाश्यांना गुन्हेगार ठरवून टाकलं.

कॅरम अर्धवट सोडायला लावून तिने धम्मपाल आणि प्रितीला काकूंकडे ओढत नेलं. काकूंनी हळद लावलेला सुजका हात दाखवला.

"काकू, काटा कोणी काढला?"

"काटा नव्हताच गो."

मधमाशी डंख मारते तेव्हा काटा तिथेच सोडून जाते, हे नूपुरला पक्कं ठाऊक होतं. मग चावलं कोण?

तिघं मीटरपेटीपाशी आली. फटीजवळ मधमाश्यांचा लिंबाएवढा गोळा थरथरत होता. त्या पिसाळल्यात असं म्हणून धम्मपाल दोन पायऱ्या वर पळाला, पण नूपुरने सगळ्यांना लांबच थांबवून धरलं. अर्ध्या तासाने गोळा सुटला आणि खाली पडली मेलेली गांधीलमाशी. ती मधमाश्यांची शिकार करायला आली होती. काकूंना चावणारीही अशीच असणार, कारण गांधीलमाशी काटा मागे सोडत नाही. नूपुरने समजावलं, की हिच्या जाड अंगात मधमाशीचा काटा सहसा शिरत नाही. म्हणून शेकडो जणी तिला वेढतात, अंग थरथरवून तापवतात आणि त्या उष्णतेनेच तिला मारतात.

"म्हणजे भाजली?" प्रितीने विचारलं.

"उकडली."

तेवढ्यात दुसरी गांधीलमाशी घिरट्या घालत आली. पुन्हा गोळा जमू लागलेला पाहून तिने पळ काढला आणि तिचा माग काढत धम्मपाल धावला. ती शिरली थेट गणेश मंडळाच्या गोदामात, फुटक्या काचेतून. आत गेल्या वर्षीच्या मखराला कलिंगडाएवढं पोळं लटकलं होतं.

साडेतीन वाजले होते. दत्ताराम काका मंडळाचे सेक्रेटरी. सरळ सांगितलं तर ते हाकलून देणार, हे उघड होतं. धम्मपालने साळसूद चेहरा केला.

"काका, गोदामाची काच बसवली म्हणालात ना मीटिंगमध्ये? आई विचारत होती."

"शिमग्यालाच बसवून घेतली. चल, दाखवतो."

काका तरातरा गोदामाशी गेले, आत डोकावले आणि हळूच चार पावलं मागे सरले. मग नूपुरने त्यांना मेलेली गांधीलमाशी दाखवून सगळं सांगितलं.

चार वाजता आलेल्या औषधवाल्याला त्यांनी गोदामाकडे पाठवलं. संध्याकाळी सगळे गॅलरीत जमले, तेव्हा कांताकाकूंनी तिघांची पाठ थोपटली. दत्ताराम काका म्हणाले, "चूक माझी. काच खरंच बसली का, हे मी पाहिलंच नव्हतं. या पोरांनी चाळीची लाज राखली."

मग त्यांनी फळा पुसला आणि लिहिलं: 'जिन्याखालच्या मधमाश्या आपल्या चाळीच्या आहेत. त्यांना कोणीही त्रास देऊ नये.' खडू त्यांनी नूपुरच्या हातात दिला. शोध लावणाऱ्यांची नावं तिनेच लिहावीत, असं त्यांचं म्हणणं पडलं.

नूपुर फळ्यापाशी गेली. तिने तिघांची नावं लिहिली, क्षणभर थांबली आणि खाली आणखी एक ओळ जोडली: 'आणि पेटीतल्या सगळ्या जणी.'