ओली चकती

खडे घासायचं जुनं मशीन घ्यायला गेलो होतो, दुसरं काही नाही. बसा, सांगतो.

आमच्या म्हाताऱ्याला विहीर खणताना दोन खडे सापडले. एक भावाला दिला, एक मला. भावानं त्याचा खडा पैलू पाडायला दुकानात दिला आणि परत आली काच! तेव्हाच ठरवलं, माझा खडा कुणाच्या बापाला देणार नाही. स्वतः शिकेन, स्वतः घासेन. नव्या मशीनचा भाव ऐकून दुकानदाराशीच भांडलो, मग जुनं शोधायला लागलो.

बायको म्हणाली, "खुरपं धरायचे हात, खडे काय घासणार?"

शेवटी एका कारागिराच्या घरी मशीन आहे असं कळलं. तो मागेच वारलेला, घरात त्याची बाई एकटी. भर दुपार, पण खोलीत अंधार. खिडकी बंद. ओल्या दगडाचा वास. बाई उंबऱ्यावरच थांबली. आत पाय टाकेना.

जुना माल मी बैल घेतल्यासारखा बघतो, दात मोजून. घासायच्या चकतीवर बोट फिरवलं. ओली.

"वहिनी, बंद आहे म्हणालात ना?"

"ते गेल्यापासून बंदच आहे."

"मग हे पाणी कुठलं? मला काय येडा समजता?"

मशीनच्या काडीला एक खडा होता, अर्धा घासलेला. काडीला खडा लाखेनं चिकटवतात, लाख तापवून. मी नख लावलं. नख आत रुतलं. लाख कोमट होती.

माझं टाळकं सरकलं. "रोज वापरून झिजवलेलं माझ्या गळ्यात मारताय!" म्हणून भाव निम्म्यावर आणला. ती लगेच हो म्हणाली. तिथंच शहाणं व्हायला पाहिजे होतं.

"भाऊ, तेवढा खडाही न्या..." ती हळूच म्हणाली. "अर्धवट काम त्यांना... चालत नाही."

"दुसऱ्याचा खडा नको मला. मी चोर नाही!"

उपटला आणि खिडकीत ठेवला. मशीन टेम्पोत दोरीनं आवळलं आणि निघालो.

माझा खडा बंडीच्या आतल्या खिशात होता, फडक्यात. गाठ माझीच, बैलाच्या दाव्याला मारतो ती. घरी बायकोसमोर सोडली.

आत तो अर्धा खडा. खाली लाख चिकटलेली, मऊ.

"हाच का तुमचा हिरा?" बायको हसली.

मला नाही हसू आलं. बाईच चोर! मशीन न उतरवता तसाच उलटा फिरलो. दार बडवलं. फटीएवढं उघडलं.

"माझा खडा काढा! नाहीतर..."

तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"ओरडू नका... त्यांचा हात हलेल."

आतून आवाज येत होता. घर्रर्र... आणि पाणी, थेंब थेंब. चकतीवर दगड घासल्याचा. मी वळून पाहिलं. मशीन टेम्पोत होतं. माझी दोरी, माझी गाठ.

बाईनं दार सताड उघडलं. आत काळोख.

"या ना. बघून घ्या, तुमचाच आहे का बदललाय..."

आयुष्यात मी कुणावर विश्वास ठेवला नाही. त्या दिवशी म्हटलं, "असेल माझाच, वहिनी. राहू दे."

घरघर थांबली. मग आत कुणीतरी फुंकर मारली... घासून झालेल्या खड्यावर मारतात तशी.