येते म्हणते, येते

चष्मेवाल्याच्या गाडीची डिकी उघडायची एक खास पद्धत होती. आधी गुडघ्याने रेटायचं, मग किल्ली फिरवायची आणि तेवढ्यात गाडी विकून टाकायचा विचार मनात आणायचा. मग ती उघडायची. त्या रविवारी सकाळीही त्याने तेच केलं. गिटार, छोटा अँप्लिफायर, वायरींची पिशवी आणि हँगरसकट बायकोचा इस्त्री केलेला ड्रेस. एवढा संसार घेऊन दोघं सुट्टीच्या दिवशी कुठे ना कुठे गायला जायची.

आठवडाभर तो चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायचा आणि ती दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची. "अजिबात दुखणार नाही हो," हे ती इतक्या गोड आवाजात सांगायची की दुखलं तरी पेशंट तक्रार करायला धजत नसत. गाणं हा दोघांचा छंद. त्याच्या आईच्या भाषेत "तुमचं ते काय ते". एक गिटार, एक आवाज, आणि कार्यक्रमाच्या शेवटी नेमाने एक स्वतःचं गाणं. चाल त्याची, शब्द तिचे. घरातून निघताना ती कधीही "जाते" म्हणायची नाही, "येते" म्हणायची. त्यावरूनच तिने ते लिहिलं होतं.

चप्पल घालते, किल्ली घेते, दार लोटून देते
जाते कधी म्हणत नाही, येते म्हणते, येते.

आज एका ऑफिसचं स्नेहसंमेलन होतं, दुपारचं. तसं काही विशेष नाही. पण आज एक ऑर्केस्ट्रावाला तिचा आवाज ऐकायला येणार होता. मोठा माणूस, मोठा ऑर्केस्ट्रा, त्यात गिटारवाले आधीच चार. तिने हे त्याला भांडी विसळता विसळता सांगितलं होतं आणि तो "वा, छानच की" म्हणाला होता. त्याला आनंद झाला होता, खरंच झाला होता. पण त्याच क्षणी मनात शंकेची पाल चुकचुकली ती काही केल्या गप्प बसेना. ही बातमी हिला कधी कळली? भांडी विसळतानाच का सांगितली, तोंडाकडे न बघता? रस्ताभर ती खिडकीतून बाहेर बघत राहिली आणि तो तिच्या न बोलण्याचे अर्थ लावत राहिला.

हॉल म्हणजे जुनं चित्रपटगृह होतं. पडदा काढून स्टेज केलेलं, खुर्च्या तशाच ठेवलेल्या. बाहेर लख्ख ऊन आणि आत पाऊल टाकलं की डोळ्यांपुढे काळोख. खिडकी नावाला नाही. ओल्या गालिच्याचा आणि कुजक्या फोमचा वास थेट घशात उतरायचा. स्टेजवर एकच दिवा होता आणि त्याखाली साउंडवाला वायरी सोडवत बसला होता. दिवसभर माइकमध्ये "हॅलो, हॅलो" करायचा म्हणून सगळे त्याला हॅलोभाऊच म्हणायचे.

"या दादा, या वहिनी. दोघांना दोन मॉनिटर ठेवलेत," तो म्हणाला.

मॉनिटर म्हणजे वाजवणाऱ्याच्या पायाशी तोंड वर करून ठेवलेला स्पीकर. लोकांना ऐकू जावं म्हणून मोठे स्पीकर असतात. हा आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून. बायको ड्रेस घेऊन बाजूच्या खोलीत गेली आणि चष्मेवाल्याने वायर जोडून पहिली तार छेडली.

आवाज आला. चांगला, स्वच्छ आला. पण काहीतरी चुकत होतं.

काचेचा मध्य केसभर सरकला तरी गिऱ्हाइकाला गरगरतं, आणि ते नेमकं कुठे सरकलंय हे शोधण्यात चष्मेवाल्याची हयात गेली होती. त्याने पुन्हा तार छेडली. मग पुन्हा. आणि मग त्याच्या लक्षात आलं. आवाज उशिरा येत नव्हता. तो आधी येत होता. बोट तारेला लागायच्या केसभर आधी.

"हॅलोभाऊ, तुम्ही काही टेप वगैरे लावलीय का?"

"कसली टेप, दादा? या मॉनिटरला फक्त तुमची वायर आहे. बघा की."

त्याने वाकून पाहिलं. एकच वायर होती. हॅलोभाऊच्या चेहऱ्यावर मात्र मिस्कील म्हणावं असं काहीतरी होतं, किंवा चष्मेवाल्याला तरी तसं वाटलं. आज ऑर्केस्ट्रावाला येणार आणि आजच नेमकी अशी गंमत? कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्याने एक युक्ती केली. बोट तारेपाशी नेलं, छेडतोच आहे असं दाखवलं आणि ऐन वेळी हात थांबवला. मॉनिटरमधून सूर आला, मोठा, स्पष्ट. पकडलं, असं त्याच्या मनात आलं. न वाजवता आवाज म्हणजे टेपच. तो विजयी मुद्रेने हॅलोभाऊकडे वळला, आणि वळताना गिटारचा पट्टा खांद्यावरून घसरला. सावरायला त्याने हात घातला तर बोट तारेवर आपटलं. तीच तार. तोच सूर.

हॅलोभाऊने मान वर केली. "झकास येतोय की आवाज. मी चहा घेऊन येतो."

तो गेला. दार आपोआप मिटलं आणि ऊन बाहेरच राहिलं. चष्मेवाला गिटार मांडीवर घेऊन बसला. हात त्याने मुद्दाम बगलेत धरले होते.

मॉनिटरमध्ये गिटार सुरू झालं. शेवटच्या गाण्याची सुरुवात. त्याचंच वाजवणं, शंकाच नाही, तिसऱ्या ठेक्याला त्याची करंगळी नेहमी थोडी अडखळते तीसुद्धा अडखळली. मग तिचा आवाज आला. चप्पल घालते, किल्ली घेते... पहिलं कडवं नीट पार पडलं. दुसरं सुरू झालं.

वळणावरती मागे बघते, हात हलवून घेते
जाते कधी म्हणत नाही, येते म्हणते, ये...

तिथे आवाज तुटला. संपला नाही, दमला नाही, तुटला. गिटार चार ठेके पुढे चालत राहिलं, मग तेही थांबलं. आणि त्या शांततेत एका पुरुषाचा आवाज, अगदी हलका, म्हणाला, "चिऊ?... चिऊ?"

तो आवाज त्याचा होता. आणि तो बायकोला चिऊ म्हणतो हे घराबाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तरी माणसाचं मन मोठं चलाख असतं, भीतीपेक्षा संशय त्याला परवडतो. घरी सराव करताना हिने फोनवर रेकॉर्ड केलं असेल. हॅलोभाऊला आणून दिलं असेल. म्हणजे पुढेमागे गिटारवाल्याशिवाय टेपवर गाता येईल! हे तर्कट त्याला इतकं पटलं की थोडं बरंच वाटलं. फक्त एक गोष्ट त्यात बसत नव्हती. घरी सराव करताना ती तिथे कधीच थांबली नव्हती, आणि त्याने तिला त्या आवाजात कधीच हाक मारली नव्हती. तशी हाक माणूस उगाच मारत नाही.

ती ड्रेस घालून बाहेर आली. छान दिसत होती.

"माझी क्लिप गाडीत राहिली. आणतोस का? तोवर मी माइक बघते."

तो गाडीपर्यंत गेला, डिकीशी झटापट केली, क्लिप घेऊन परतला. ती स्टेजवर तिच्या मॉनिटरशेजारी जमिनीवर बसली होती, नव्या ड्रेसची पर्वा न करता. एक हात मॉनिटरच्या जाळीवर होता.

"काय गं?"

"काही नाही. पाय दुखले."

जे बोलायचं होतं ते कोणत्याही तोंडाने बोललं तरी वाईटच दिसणार होतं. तिच्या आवाजाचं सोनं होतं ते त्याच गाण्यात, आणि ऑर्केस्ट्रावाला ते ऐकायलाच येणार होता. नको म्हणणारा नवरा जळका ठरणार हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

"आज... शेवटचं गाणं राहू दे का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "राहू दे."

का म्हणून विचारलं नाही. भांडली नाही. रुसली नाही. चष्मेवाल्याला हायसं वाटायला हवं होतं, पण त्याच्या डोक्यात किडा वळवळू लागला. इतकं सोपं? साध्या चादरीच्या रंगावरून दोन दिवस वाद घालणारी बाई हातातली संधी अशी सोडते? म्हणजे ऑर्केस्ट्रावाल्याशी हिचं आधीच ठरलंय. आजचं ऐकणं नुसतं नावाला.

कार्यक्रम झाला. मॉनिटर शहाण्यासारखे वागले. ती गायली, पण अंग चोरून. ऑर्केस्ट्रावाला पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. शेवटी येऊन "कळवतो" म्हणाला आणि निघून गेला, आणि तो "कळवतो" कसला असतो हे नोकरीला अर्ज केलेल्या कुणालाही कळेल. बायकोने हसून मान डोलावली. तिचं काहीच आधी ठरलेलं नव्हतं. ते तिच्या चेहऱ्यावरच दिसलं आणि चष्मेवाल्याला स्वतःची लाज वाटली.

पण मग ती "बरं" का म्हणाली?

परतताना ऊन कलंडलं होतं. रस्ता नदीच्या कडेने होता, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला बुटका कठडा.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तू इतक्या लगेच कशी तयार झालीस?"

"तू का नको म्हणालास?"

"आधी तू सांग."

"नाही. आधी तू."

मग त्याने सांगितलं. अडखळत, हसण्यावारी न्यायचा प्रयत्न करत सांगितलं. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज तुटला तिथपर्यंत तो आला तेव्हा ती म्हणाली, "'येते म्हणते'नंतर. दुसऱ्या 'येते'वर."

"तू पण ऐकलंस?"

"तू क्लिप आणायला गेलास तेव्हा. माझ्या मॉनिटरमध्ये." तिचा आवाज दवाखान्यातल्यासारखा झाला होता, समजूत घालणारा. "पण माझा आवाज नाही तुटला रे. मी ती ओळ पूर्ण म्हटली. तुझं गिटार थांबलं. मी एकटीच गात राहिले... आणि मग गाणं सोडून मी म्हणत होते, अरे, ऐक ना. अरे, ऐक ना."

चष्मेवाल्याने रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"मग तू मला काही सांगितलं का नाहीस?"

"तू घाबरला असतास. आणि मला वाटलं, ऑर्केस्ट्रा गेला खड्ड्यात. तू हवास मला."

दिवसभर तो काय काय समजत बसला होता! त्याने गिअरवरचा हात काढून तिच्या हातावर ठेवला. आपण गेलो तर काय, याची त्याला त्या क्षणी भीती वाटत नव्हती. आपण एकटेच मागे उरू, याची वाटत होती. आणि तिचा हात ज्या जोराने आवळला गेला त्यावरून तिचंही तेच होतं हे त्याला कळलं.

"आपण ते गाणं पुन्हा कधीच म्हणायचं नाही," ती म्हणाली.

"कधीच नाही."

तिचा फोन वाजला. हॅलोभाऊ. तिने स्पीकर लावला.

"वहिनी, निघालात ना तुम्ही?"

"अर्ध्या वाटेत आहोत. का?"

"नाही... म्हणजे मला वाटलं तुम्ही अजून स्टेजवर आहात. मी मागे वायरी गुंडाळत होतो. मॉनिटर चालू राहिलेत बहुतेक, पण मेन स्विच तर मी स्वतः..." तो थांबला. "तुमचंच गाणं लागलंय, वहिनी. दोन्हीकडून. मघाशी म्हणाला नाहीत ते. फोनवरून काही लावलंय का तुम्ही? पहिलं कडवं आत्ताच झालं. थांबा, ऐकवतो."

फोनमधून खरखर आली. मग लांबून गिटार, आणि तिचा आवाज. वळणावरती मागे...

तिने फोन बंद केला. पूर्णच बंद केला आणि पर्समध्ये टाकून पर्सची चेन ओढली.

गाडीत फक्त इंजिनाचा आवाज होता. दुसरं काही बोलावं, पेट्रोलबद्दल, उद्याच्या डब्याबद्दल, असं चष्मेवाल्याच्या मनात आलं. नदीवरून गार वारा येत होता. कठडा मागे मागे जात होता.

ऐकू येतंय ते काय, हे त्याला जरा वेळाने कळलं. त्याने आधी रेडिओकडे पाहिलं. रेडिओ बंद होता.

"चिऊ," तो हळूच म्हणाला. "गुणगुणू नकोस."

"मी कुठे..." ती म्हणाली, आणि तिचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला. मग तिची नजर स्टिअरिंगवर गेली. "तू... तू आधी ताल धरायचा थांब."

त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं. ती वाजत होती, केव्हापासून कोण जाणे. तिसऱ्या ठेक्याला करंगळी थोडी अडखळली.

गाडी कडेला घ्यावी म्हणून त्याने पाय उचलला. पण इथे कडेला जागा नव्हती. जागा होती ती पुढे, रस्ता वळत होता त्याच्या पलीकडे.

येते म्हणते, येते, असं तिने मिटल्या ओठांनी म्हटलं आणि पहिलं कडवं संपलं. समोर वळण आलं.