झेंडूच्या बसचं इंजिन

"हात लावू नका, गरम हाये!"

लावला होता मी. चांगला पोळलाही होता. पण गिऱ्हाइकानं दुकानात कळवळायचं नसतं, म्हणून दात आवळून मी ओरडणाऱ्याकडे पाहिलं. ग्रीसनं माखलेला शर्ट, कपाळावर आलेले केस आणि डोळे… जाऊ द्या, डोळ्यांचं नंतर. मी तिथं इंजिन घ्यायला गेले होते.

घरून निघताना गजेंद्रदादानं बजावलं होतं, "हर्षा, जुनं डिझेल इंजिन घेताना पहिले हात लाव. गरम लागलं तं समज, तू येण्याच्या आधीच चालवून ठेवलं. थंड इंजिन एका झटक्यात उठलं तरच खरं. अन् आपल्याले गरज हाये हे तोंडातून काढू नको, नाईतं भाव चढते."

"सकाळपासून तापवून ठेवलं वाटते?" मी बोटांवर फुंकर मारत विचारलं.

मला वाटलं, आता हा आईची शपथ घेणार. तर हा पठ्ठ्या म्हणतो, "हो ना, बाबांनी तापवलं. थंड असलं का उठतच नाई. निळा धूर फेकते, ऑइल पिते. घेऊ नका."

आतल्या खुर्चीवरून त्याचे वडील, किसनराव, असे खोकले की पत्र्यावरची कबुतरं उडाली. आपल्याच दुकानात उभं राहून आपल्याच मालाला नावं ठेवणारा माणूस मी अकोल्याच्या जुन्या शहरात पहिल्यांदाच पाहत होते. त्याचं नाव शेखर.

आता बसचं सांगते. एका शाळेनं मोडीत काढलेली पिवळी बस मी हौसेनं घेतली होती. आतली बाकं उपटली, फळ्या ठोकल्या, पाणी शिंपडायला टाकी बसवली. पातूरच्या आमच्या मळ्यातली फुलं आणि भाजी व्यापाऱ्याच्या घशात न घालता थेट अमरावतीत नेऊन विकायची, हा माझा बेत. सगळं झालं आणि इंजिननं मान टाकली. दादा म्हणाला, "दसऱ्याचा झेंडू या बसमधून गेला तं ठीक, नाईतं दुसऱ्या दिवशी बस भंगारात." आमचा दादा बोलतो ते करतो, हीच तर पंचाईत!

यातलं एक अक्षर मी शेखरला सांगितलं नाही. "आपल्याले काही घाई नाई," मी ऐटीत म्हटलं. "चांगलं आलं का फोन करा."

फोन आला. मग येतच राहिला. एक इंजिन आलंय… आलं होतं, पण हेड तडकलेलं निघालं… तिकडे पाऊस आहे का? अकोल्यात मोर्णा नदीकाठच्या इंजिनवाल्याला पातूरच्या पावसाशी काय करायचं होतं, देव जाणे. पण मीही थेंबाथेंबाचं सांगत बसायची.

दुसरं इंजिन पाहायला निघाले तेव्हा मी नवा फिरोजी कुर्ता घातला. आई दारातच म्हणाली, "भंगारात चालली का कोणाच्या लग्नात?"

शेखरनं इंजिनमधली ऑइल मोजायची पट्टी ओढून माझ्यासमोर धरली. ऑइल काळं नव्हतं, चक्क दुधाच्या चहासारखं होतं. "पाणी शिरलं," तो म्हणाला. "घेऊ नका." मग जरा थांबून, "…चहा घेता?"

"हे पाहून?"

"दुसरा मागवतो ना!"

आम्ही दोघंही हसलो. बाकी कुठलीही बाई आली की हा 'या ताई, बसा ताई' करायचा. मला मात्र नुसतं, "तुमी… बसा ना." आणि पापण्या एवढ्या लांब की ग्रीसमध्ये बुडालेल्या माणसाला त्या शोभू नयेत. झालं डोळ्यांचं सांगून.

मग घट बसले. मळ्यात झेंडूच्या कळ्या टरारून फुगल्या आणि मी दसऱ्याचे दिवस मोजायला लागले. तेवढ्यात शेखरचा फोन, तिसरं इंजिन आलं. मी धावतच गेले. हात लावला… थंडगार! चार सिलिंडरचं, वर कोरलेला नंबर खाडाखोड न केलेला. शेखरनं किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात उठलं. पण लगेच असा काळा धूर निघाला की समोरच्या चहावाल्यानं गाळणी झाकली.

"पाहा… हेबी गेलेलं हाये," शेखर जमिनीकडे पाहत म्हणाला. त्याचे कान लालभडक झाले होते. "पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात दसरा होता. मला रडूच येणार होतं. पण आवाज तर सरळ होता, आणि काळा धूर म्हणजे हवा कमी पडते, एवढं डिझेल पंपाच्या संगतीत वाढलेल्या मला कळत होतं. मी सरळ हवेच्या नळीत हात घातला. काहीतरी मऊ लागलं. ओढलं, तर निळ्या चौकड्यांचा रुमाल! शेखर कपाळ पुसायचा तोच. धूर गायब, आणि इंजिन काय सुरेख चालायला लागलं!

किसनराव खुर्चीवरून उठलेच. "अबे, लोकं खराब इंजिन चांगलं म्हणून इकतात, अन् तू चांगलं इंजिन खराब करून दाखवून राहिला?"

मी त्यांच्याही वर आवाज चढवला. "माया झेंडू तिकडे उमलून राहिला, अन् तू इथं रुमाल कोंबून राहिला! दसऱ्याले बस निघाली नाई तं दादा भंगारात काढते तिले. मायं सारं सपन त्या बसमध्ये हाये, समजलं?"

रागात 'तुमी'चं 'तू' झालं, ते मला नंतर लक्षात आलं. शेखर पांढराफटक पडला.

"पन… तुमीच तं म्हटलं होतं, घाई नाई…"

"भाव चढू नये म्हणून म्हणतात तसं! दुकानदाराचा पोरगा तू, तुले एवढंबी समजत नाई?"

"बाकीच्यांचं समजते," तो हळूच म्हणाला. "तुमी म्हटलं, म्हणून मी खरं मानलं. अन् इंजिन इकलं असतं तं… तुमी परत काहून आल्या असत्या?"

त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्या भयंकर रागातच तो मला भयंकर आवडला. मी रुमाल त्याच्या अंगावर फेकला आणि म्हटलं, "चढव टेम्पोत."

इंजिन घेऊन शेखर स्वतः पातूरला आला. दादा हाताची घडी घालून बांधावर उभा, आई दर तासाला चहा घेऊन येणार, आणि हा बसखाली झोपलेला. खंडेनवमीला बस सुरू झाली. दादानं तिची पूजा केली, नारळ फोडला.

दसऱ्याला उजाडता उजाडता आम्ही निघालो. मी स्टिअरिंगवर, शेखर शेजारी, केबिनमधल्या बॉनेटला कान लावून, दादा मागं झेंडूच्या ढिगात. बडनेऱ्याशी दादा म्हणाला, "आवाज चांगला हाये." अमरावतीच्या राजापेठेत बस उभी केली तर बायकांनी पायऱ्यांवरच गर्दी केली. दुपारपर्यंत पाकळ्यासुद्धा उरल्या नाहीत. दादानं रिकाम्या फळ्यांकडे पाहिलं, माझ्या डोक्यावर टप्पल मारली आणि म्हणाला, "राहू दे तुयी बस." आणि चहा आणायला गेला.

मग आम्ही दोघंच. शेखर उगाच आरसा पुसत होता.

"आता तं तुमाले काही घ्यायचं नाई…"

"नाई."

"मंग दुकानात…"

"दुकानात कायले येऊ मी?"

त्याचा चेहरा असा पडला, की मला राहवेना.

"शेखर, मले तू आवडतोस. इंजिन घ्यायचं नसतं तरी आवडला असता. पन यानंतर मले कधी थांबवायचं असलं ना, तं तोंडानं थांब म्हण. बाकी काही उद्योग करू नको."

त्याचे कान पुन्हा लाल. आरसा सोडून त्यानं माझ्याकडे पाहिलं… आणि पहिल्यांदाच नजर खाली घातली नाही.

"हर्षा," तो म्हणाला, "थांब."

रस्त्यापलीकडून दादा तीन चहा सावरत येत होता. तरी मी थांबले.