चालओळख

दुपारी एकच्या सुमारास नागपूरचा पारा सत्तेचाळिसावर गेला आणि बेघरांना उन्हापासून आसरा देणाऱ्या उष्मानिवाऱ्याच्या दारात शेवंताबाई कोसळली. हे नाव तिनंच सांगितलेलं. दोन वर्षं ती समोरच्या उड्डाणपुलाखाली राहत होती. निवारा चालवणाऱ्या संस्थेच्या पाणपोईवर रोज पाणी प्यायची, पण उंबरा कधी ओलांडत नसे. केंद्र सांभाळणाऱ्या वत्सला निनावेनं तिच्या तोंडावर पाणी मारलं, तिला उठवलं.

"मावशी, आत चला. सलाईन लावावं लागेल."

"मले आत नका नेऊ, ताई. इथंच राहू द्या."

"कोणी काही विचारणार नाही. चला."

वत्सलाच्या दंडाला धरून, डावा पाय ओढत, ती सहा पावलं चालली. तेवढी पुरली. दारावरच्या कॅमेऱ्याचा दिवा हिरवा झाला.

चालओळख यंत्र बसवून वर्ष होत आलं होतं. ऊन, उपास आणि वय माणसाचा चेहरा बदलून टाकतात. पाऊल टाकायची लकब मात्र सहसा बदलत नाही, हे त्यामागचं तत्त्व. घरचे लोक हरवलेल्या माणसाची जुनी चित्रफीत पाठवत. दारातून येणाऱ्या प्रत्येकाची चाल यंत्र तिच्याशी ताडून बघे, आणि जुळली की केंद्राचा पत्ता थेट घरी कळवे.

पडद्यावर अक्षरं उमटली. 'इंदुमती गावंडे, वर्धा. चार वर्षांपासून बेपत्ता.' खाली नवऱ्याचं उत्तरही आलं होतं: 'निघालो. दीड तासात पोचतो.'

सलाईनची बाटली अर्धी झाल्यावर वत्सला हसत खाटेजवळ गेली.

"इंदूमावशी, तुमचे यजमान येताहेत."

बाईनं हातातली सुई उपटली.

"अहो, हे काय करता?"

"हा पाय त्यानं मोडला, ताई. मुसळानं. डॉक्टरकडं नेलं नाही. पुतणीच्या लग्नात लंगडतच वाढत होती मी. तेच शूटिंग पाठवलं असन त्यानं." ती उठायला गेली आणि पुन्हा खाटेवर बसली. डोळे तापानं लाल झाले होते.

वत्सलानं संस्थेच्या संचालकांना, वैरागडेसरांना, फोन लावला.

"सर, जुळणी रद्द करायचीय."

"ती चुकलेली असेल तरच करता येते. खोटी चूक नोंदवलीस तर केंद्राची मान्यता जाईल. शंभर जणांचं छप्पर जाईल, वत्सला. तिला दुसऱ्या केंद्रात हलव."

"तिथंही कॅमेरा आहेच ना?"

सरांनी फोन ठेवला.

चाळीस मिनिटं उरली होती. बाहेर सोडलं तर संध्याकाळपर्यंत ती जगली नसती. वत्सलाची नजर कोपऱ्यातल्या चाकांच्या खुर्चीवर गेली. यंत्र चालणाऱ्यालाच ओळखत होतं.

संस्थेचे चालक बोरकुटे यांनी गाडी मागच्या दाराला लावली. वत्सलानं बाईला खुर्चीत बसवून गाडीत चढवलं. "दुसऱ्या केंद्रात पोचल्यावर खुर्चीतून पाय खाली टेकू नका," वत्सलानं बजावलं.

"कवापर्यंत?" बाईनं विचारलं.

वत्सलानं गाडीचं दार लावून घेतलं.

गाडी गेली आणि अर्ध्या तासानं गावंडे आला. पांढरा शर्ट, हातात नव्या साडीची पिशवी, डोळे ओले.

"म्याडम, आमची इंदू कुठं हाये?"

आवाज इतका मऊ होता, की क्षणभर वत्सलाला बाईच्या सांगण्याचीच शंका आली.

"यंत्र चुकलं. ती बाई दुसरीच होती."

"पाहू तर द्या तिले."

"ती निघून गेली."

त्यानं अर्ध्या भरलेल्या सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं, मग खाटेखालच्या चपलांकडे. तो पहिल्यांदाच हसला.

"जाऊन जाऊन जाईल किती लांब, त्या पायानं?"

त्याची मोटरसायकल उड्डाणपुलाखाली दोन फेऱ्या मारून गेली. वत्सलानं पडद्यावर 'चुकीची जुळणी' असं नोंदवलं. मग यंत्रानं वर्षभरात घरी पोचवलेल्यांची यादी उघडली. एक्केचाळीस नावं. प्रत्येकाला निरोप देताना तिनं हार घातला होता, फोटो काढला होता. तिनं पहिला नंबर फिरवला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला.

"सुभद्राबाईंना फोन देता का?" वत्सला म्हणाली.

"कायले? काय काम हाये?"

"त्यांना एक विचारायचं राहून गेलं होतं. त्यांना घरी यायचं होतं का?"